वैद्यकीय उपकरण संशोधनाचा विद्यापीठीय बीजनिधी

डॉक्टर आणि अभियंता यांनी मिळून सुचवलेल्या उपकरणाचा पहिला नमुना तयार व्हावा, म्हणून विद्यापीठ सुरुवातीला देते ती छोटी रक्कम. मोठे सरकारी अनुदान मागायचे तर हाती काही प्राथमिक पुरावा लागतो आणि तो पुरावा उभा करायलाच आधी पैसे लागतात. हा पेच सोडवण्यासाठी बीजनिधी असतो. तो सहसा परत करावा लागत नाही. सुटे भाग, थ्रीडी प्रिंटिंग, संशोधन सहायकाचे मानधन आणि प्राथमिक तपासण्या यांवर तो खर्च होतो. रकमेपेक्षा अर्जावरच्या दोन सह्या महत्त्वाच्या. एक सही रुग्ण तपासणाऱ्याची, दुसरी यंत्र घडवणाऱ्याची.

या दोन सह्यांसाठी लागणारी माणसे वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीच्या आसपासच काम करतात. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे आणि त्याच गावात बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सावंगी (मेघे) येथील दत्ता मेघे अभिमत विद्यापीठात तर वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, फिजिओथेरपी आणि अलीकडे अभियांत्रिकी हे सारे एकाच छत्राखाली आले. मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. एवढ्या लहान परिसरात इतकी जुळणी फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येते.

गरजही इथलीच आहे. विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांची संख्या मोठी. त्यातल्या सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. सबम्युकस फायब्रोसिस नावाचा हा आजार पुढे कर्करोगाकडे झुकू शकतो. शस्त्रक्रियेने तोंड उघडले तरी रुग्णाला त्यानंतर कित्येक महिने घरी जबड्याचा व्यायाम करावा लागतो. त्यात खंड पडला, तर जबडा पुन्हा आखडतो. या व्यायामासाठी आजही अनेकदा आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायला सांगतात. रुग्णाला स्वतः वापरता येईल, किती मिलिमीटर तोंड उघडले ते दाखवेल आणि शेतमजुराला परवडेल, असे साधन घडवणे हा बीजनिधीला शोभणारा प्रश्न आहे. दंतवैद्याला दुखणे ठाऊक असते, स्प्रिंगचा ताण किती ठेवायचा ते अभियंत्याला कळते. एकट्याने हे काम होत नाही.

महाराष्ट्रात अशा सहकार्याचे ठळक उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईतील बेटिक हे केंद्र. प्रा. बी. रवी यांच्या नेतृत्वाखाली २०१४ साली ते सुरू झाले. त्याला राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने पाठबळ दिले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्यात जोडले गेल्याने विदर्भालाही या जाळ्यात जागा मिळाली. डॉक्टर, अभियंते आणि डिझायनर यांना एकत्र बसवून, आधी दवाखान्यातली अडचण नेमकी मांडायची आणि मगच यंत्राला हात घालायचा, ही तिथली शिस्त. नेहमीच्या स्टेथोस्कोपला जोडता येणारे, हृदयाचा आणि फुप्फुसांचा आवाज मोठा करून मोबाइलपर्यंत पोचवणारे ‘आयुसिंक’ हे उपकरण याच वातावरणातून बाहेर आले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत रुग्णापासून अंतर राखून छाती तपासायची वेळ आली, तेव्हा त्याचे मोल सर्वांना दिसले.

परदेशात अमेरिकेतील कोल्टर प्रतिष्ठानच्या योजनेने अभियंता आणि चिकित्सक यांची जोडी अनिवार्य केली. हुबळीचे गुरुराज देशपांडे आणि जयश्री देशपांडे यांच्या देणगीतून २००२ साली एमआयटीत उभे राहिलेले केंद्रही प्रयोगशाळेतील कल्पनांना अगदी पहिल्या टप्प्यावर पैसे देते.

वर्ध्याच्या परिसराला यंत्रांच्या प्रयोगांचा जुना वारसा आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. किंमत १५० रुपयांच्या आत, साध्या घरात चालणारा आणि २० वर्षे टिकणारा चरखा हवा, अशा त्याच्या अटी होत्या. १९३२ मध्ये विनोबा भावे याच नालवाडीला राहायला आले आणि त्यांनी सूतकताईवरच गुजराण करून पाहिली. चरख्याचे ते बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही. बक्षिसाचा पैसा यश आल्यावर मिळतो, बीजनिधी अपयशाची शक्यता धरूनच आधी दिला जातो. चरख्याच्या त्या अटी आजच्या उपकरण-संशोधकानेही समोर ठेवाव्यात इतक्या नेमक्या होत्या.

बीजनिधीची खरी कसोटी नमुना तयार झाल्यानंतर लागते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांनुसार जोखमीप्रमाणे उपकरणांचे चार वर्ग पडतात आणि रुग्णांवर चाचणी घ्यायची तर नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागते. पुढच्या टप्प्यासाठी केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेचे ‘बिग’ अनुदान आहे. ते ५० लाख रुपयांपर्यंत मिळते. पण तिथवर पोचायला प्रमाणित तपासण्या लागतात आणि त्यांचा खर्च छोट्या निधीत बसत नाही. शिक्षकांना किती बीजनिधी दिला, याची नोंद उच्च शिक्षण संस्थांच्या नॅक मूल्यांकनातही होते. त्यामुळे रक्कम वाटली जाते, पण शोधनिबंध लवकर होतो आणि उपकरणाला वर्षे लागतात. म्हणून निबंधांच्या संख्येवर निधीचा हिशेब मांडणे चुकीचे आहे.

सेवाग्राम, सावंगी आणि नागपूर येथील संस्थांनी आपापल्या निधीत दुसऱ्या संस्थेच्या सहसंशोधकाला समान हक्क द्यावा, डॉक्टरांना या कामासाठी ओपीडीतून ठरावीक वेळ मोकळा करावा आणि तपासण्यांचा खर्च पहिल्याच अर्जात मंजूर करावा.