मोलगीखालचे पाणी

मोलगीहून सातपुडा उतरून मी मणिबेलीच्या काठी होडीत बसलो. वल्हे मारण्याची हौस जुनी. आणि पाणी तर आरशासारखे! हीच नर्मदा पूर्वी येथे खडकांवर आदळत धावे. ५ एप्रिल १९६१ रोजी नेहरूंनी गुजरातेत सरदार सरोवराची कोनशिला बसविली. नव्वदीनंतर मणिबेलीची घरे आणि शूलपाणेश्वराचे प्राचीन देऊळ बुडाले. महाराष्ट्राची ३३ गावे या पाण्याच्या वाटेत आली. पायवाटा गेल्या, तेव्हा दवाखानासुद्धा नावेतून हिंडू लागला. २०१९ साली जलाशय १३८.६८ मीटरांपर्यंत भरला. देखावा सुंदर आहे, नाही कसे म्हणू? एके ठिकाणी नावाड्याने वल्हे उचलून धरले. "दादा, इथं आमचं खळं होतं." होडी आपोआप पुढे सरकत राहिली.