ज्यांचे सुतक नसते

धर्मशास्त्राने मृत्यूनंतरच्या अशौचाचा मोठ्या बारकाईने विचार केला आहे. सपिंडाला किती दिवस, समानोदकाला किती, विवाहित कन्येच्या मृत्यूनंतर माहेरी किती, गुरू वा मित्र गेला असता काय करावे, याची उत्तरे निबंधग्रंथांतून सविस्तर मिळतात. शोकाला या व्यवस्थेने कालमर्यादा दिली, कृती दिली आणि समाजाची साक्षही दिली. घरात दहा-बारा वर्षे वावरलेले कुत्रे, दाराशी बांधलेली गाय, मांडीवर निजणारे मांजर गेले असता घरच्यांना जे दुःख होते, त्याला मात्र या व्यवस्थेत स्थान नाही. त्याचे सुतक नसते, दहावा-तेरावा नसतो आणि समाचाराला कोणी येत नाही. ज्या शोकाला विधी नसतो, तो कोठे जातो, हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, इतिहासाचाही आहे. त्याचे उत्तर कधी एखाद्या दगडात सापडते, कधी राजाज्ञेत, तर कधी एखाद्या कवितेत.

या उत्तरांचा शोध घेताना दिल्ली आणि तिचा परिसर पुन्हा पुन्हा समोर येतो. दिल्लीच्या ईशान्येस, आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या मेरठ जिल्ह्यात हस्तिनापूर आहे. 1950 ते 1952 या काळात ब्रजवासी लाल यांनी तेथे उत्खनन केले. महाभारताची कथा ज्या राजकुलाभोवती फिरते, त्याचे हे परंपरेने मानलेले स्थान. त्या प्रचंड ग्रंथाच्या आरंभीच्या भागात एक कुत्री येते आणि शेवटच्या भागात एक कुत्रा येतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञस्थानी आलेल्या एका पिलाला निष्कारण मारतात. त्याची आई सरमा राजाला जाब विचारते आणि उत्तर न मिळाल्याने शाप देते. त्या शापाने राजा धास्तावतो. मुक्या प्राण्याच्या आईलाही न्याय मागण्याचा अधिकार आहे, हे येथे गृहीत धरलेले आहे.

सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वात पांडव हस्तिनापूर सोडतात, तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागोमाग निघतो. वाटेत द्रौपदी व चार भाऊ एकामागून एक कोसळतात आणि शेवटी युधिष्ठिर व कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो, परंतु कुत्र्याला स्वर्गात प्रवेश नाही असे सांगतो. भावांना आणि पत्नीला वाटेत सोडून आलास, मग या कुत्र्याचाच मोह का, असा त्याचा बिनतोड वाटणारा प्रश्न आहे. युधिष्ठिराचे उत्तर त्याहून अधिक विचार करण्याजोगे आहे. जे मरण पावले त्यांना जिवंत करणे आपल्या हाती नव्हते, म्हणून त्यांना मागे ठेवावे लागले. जिवंत असताना आपण त्यांचा त्याग केला नाही. हा जीव मात्र जिवंत आहे आणि आश्रयाला आला आहे. मृतांविषयीचे कर्तव्य आणि जिवंतांविषयीचे कर्तव्य यांतील हा भेद सूक्ष्म आहे. कुत्रा हा प्रत्यक्ष धर्म होता, हा उलगडा नंतरचा. युधिष्ठिराने निर्णय घेतला तेव्हा त्याच्यापुढे केवळ एक कुत्रा होता.

प्राण्याच्या मृत्यूनंतर दगड उभारण्याची चालही या देशात जुनी आहे. कर्नाटकातील आतकूर येथील दहाव्या शतकाच्या मध्यावरील शिलालेख हे त्याचे ठळक उदाहरण होय. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग सामंत दुसरा बूतुग यांच्या काळातील हा लेख. मणलेर नावाच्या वीराने पराक्रमाचे बक्षीस म्हणून बूतुगाकडे काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका रानडुकराशी झुंजताना काळी आणि ते डुक्कर दोघेही मेले. मणलेराने मंदिरापुढे दगड उभारला, त्यावर ती झुंज कोरवून घेतली आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. ज्या शोकाला शास्त्राने विधी दिला नव्हता, त्याला एका सरदाराने स्वतः विधी निर्माण करून दिला, असाच याचा अर्थ होतो.

मोगल बादशहा जहांगीर याने हेच आपल्या पद्धतीने केले. त्याच्या आत्मचरित्रात मन्सराज नावाच्या पाळीव काळविटाचा उल्लेख आहे. हा प्राणी इतर हरणांशी झुंजण्यात आणि त्यांना भुलवून आणण्यात निष्णात होता. तो मेल्यावर बादशहाने लाहोरजवळ, आज पाकिस्तानातील शेखूपुरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, त्याची कबर बांधविली, तिच्यावर हरणाच्या आकाराचा दगड बसविला आणि मुल्ला मुहंमद हुसेन काश्मिरी या नामांकित सुलेखनकाराकडून लेख लिहवून घेतला. त्या माळावर कोणीही हरणाची शिकार करू नये, अशीही आज्ञा त्याने दिली. तेथील मनोरा हिरण मिनार म्हणून प्रसिद्ध आहे. आयुष्यभर असंख्य प्राण्यांची शिकार करून तिचे आकडे लिहून ठेवणाऱ्या माणसाला एका हरणाच्या मृत्यूने तेवढ्या प्रदेशापुरते तरी शस्त्र खाली ठेवावयास लावले. यातील विसंगती उघड आहे. परंतु एका जिवावरील प्रेम त्याच्या जातीपर्यंत पोहोचू शकते, हेही या आज्ञेतून दिसते.

बादशहाजवळ दगड आणि आज्ञा होती; कवीजवळ केवळ शब्द होते. मीर तकी मीर (1723–1810) याच्या आयुष्याचा मोठा भाग दिल्लीत गेला. नादिरशहाची स्वारी, अब्दालीच्या लुटी, पानिपतच्या आगेमागे मराठ्यांची ये-जा हे सर्व त्याच्या काळात घडले, आणि आपल्या फारसी आत्मवृत्तात त्याने त्या उलथापालथीची नोंद केली. 1782 मध्ये तो लखनौला गेला. उर्दू गझलेचा हा श्रेष्ठ कवी आपल्या घरातील प्राण्यांवरही लिहीत असे, हे मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही. मोहिनी नावाच्या मांजरीवर त्याची मसनवी आहे. तिची पिल्ले जगावीत म्हणून केलेल्या ताईत-नवसांचे वर्णन तीत येते. एका कोंबड्याच्या मृत्यूवर त्याने मर्सिया रचला आहे. मर्सिया हा उर्दूतील शोककाव्याचा प्रकार मुख्यतः करबलाच्या हुतात्म्यांशी जोडलेला. तो कोंबड्यासाठी योजण्यात विनोद आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु विनोद हे या प्रकारच्या शोकाचे जुने पांघरूण आहे. कुत्र्या-मांजरासाठी रडणाऱ्याला लोक हसतात; तेव्हा शहाणा माणूस आधी स्वतःच हसतो आणि मग आपले दुःख सांगतो. ज्या शहरात माणसांचीच प्रेते मोजली जात नव्हती, त्या शहराचा कवी एका मांजरीला नावाने ओळखतो आणि कवितेत ठेवतो, ही साहित्याच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

1857 नंतरच्या दिल्लीच्या आठवणींत याची उलट बाजूही सांगितली जाते. बहादूरशहा जफरच्या स्वारीचा हत्ती मौलाबख्श याने बादशहा कैद झाल्यावर चारा सोडला, आणि इंग्रजांनी त्याचा लिलाव केला तेव्हा तो कोसळून मेला, अशी ती कथा. तिचा तपशील इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकेल, हा प्रश्न वेगळा. परंतु जित शहराला राजासाठी उघडपणे शोक करण्याची मुभा नव्हती, तेव्हा लोकांनी तो शोक हत्तीच्या तोंडी दिला. माणूस प्राण्याचे सुतक पाळीत नाही, प्राणी मात्र माणसाचे पाळतो, ही कल्पना लोकमानसाला नेहमीच भावत आली आहे.

मराठ्यांच्या इतिहासात या विषयाची दोन स्मारके आहेत. त्यांची तुलना बोधप्रद ठरते. पहिले साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला आहे. तेथे छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरात त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे दगडी शिल्प दाखवितात. 1689 मध्ये रायगड पडल्यावर बालपणीच मोगलांच्या कैदेत गेलेले शाहू 1707 मध्ये सुटले. मातोश्री येसूबाई 1719 मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतला तेव्हा, स्वराज्यात आल्या. आयुष्याची अठरा वर्षे परक्यांच्या छावणीत काढलेल्या या राजाला शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा नाद होता. वाघाच्या शिकारीत एका कुत्र्याने त्याचे प्राण वाचविले. त्याला त्याने जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफ आपल्या 1826 च्या इतिहासग्रंथात सांगतो. एकदा दरबारात त्याने कुत्र्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले आणि त्यानंतर स्वतः कधी शिरोवस्त्र घातले नाही, असेही तो लिहितो.

ग्रँट डफच्या मते हा वृद्ध राजाच्या बुद्धिभ्रंशाचा प्रकार होता. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहू निवर्तले. अखेरच्या वर्षांत त्यांची प्रकृती खालावली होती, हे खरे. परंतु याच प्रसंगाकडे दुसऱ्या दृष्टीनेही पाहता येते. मराठी समाजात पागोटे हे प्रतिष्ठेचे चिन्ह. ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे आपला मान त्याला देणे. सत्ता पेशव्यांच्या हाती गेलेली, पुत्र नसल्याने वारशाचा प्रश्न अनिर्णित, भोवती स्वार्थ पाहणारी माणसे. अशा अवस्थेत ज्या जिवाने काही न मागता प्राण वाचविले, त्याला राजाने मान दिला असेल, तर त्याला वेड म्हणावे की निवाडा, हे ठरविणे सोपे नाही. कागदपत्रे कृती सांगतात, हेतू सांगत नाहीत. इंग्रज इतिहासकाराने ती जागा आपल्या अनुमानाने भरली, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे स्मारक रायगडावरील वाघ्याचे. शिवछत्रपतींच्या समाधीजवळील हा चौथरा व पुतळा 1936 मध्ये उभा राहिला. त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांची देणगी लाभली. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे, राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकातही वाघ्या येतो, परंतु त्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. त्यामुळे या स्मारकाविषयी वाद झाले, पुतळा एकदा हलविला गेला व पुन्हा बसविला गेला, आणि 2025 मध्ये तो हटविण्याची मागणी पुन्हा पुढे आली. माहुलीच्या खंड्यामागे लिखित पुरावा आहे, पण त्याच्याकडे फारसे कोणी जात नाही; रायगडच्या वाघ्यामागे पुरावा नाही, पण त्याच्यासाठी माणसे भांडतात. यात शोकाचा भाग किती आणि अस्मितेचा किती, हे वेगळे सांगावयास नको.

ही सारी उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. ज्या प्राण्यांची आठवण दगडावर राहिली, त्यांनी काही तरी करून दाखविलेले असते. काळीने डुकराला लोळविले, खंड्याने प्राण वाचविले, वाघ्याने म्हणे देह टाकला. शोकाला प्रवेश मिळावा म्हणून त्याला शौर्याचा किंवा स्वामिनिष्ठेचा परवाना दाखवावा लागला. नुसते दाराशी बसून राहणारे, कोणताही पराक्रम न करणारे जनावर त्या परवान्यावाचून कवितेत शिरले, ते मीरसारख्या एखाद्यामुळे. बाकीच्यांची स्मारके बांधावर आहेत. पोळ्याला ज्याच्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला, तो बैल थकून मेला की आपल्याच शेतात पुरणारा आणि त्या जागी नांगर फिरू न देणारा शेतकरी कोणताही लेख कोरवीत नाही. त्याच्यानंतरच्या पिढीला ती जागा ठाऊक असते, तिसऱ्या पिढीला नसते.

शहरात तर बांधही नाही. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा येथील उंच इमारतींत राहणाऱ्या कुटुंबाला घरातले कुत्रे गेले असता पहिला प्रश्न पडतो तो जागेचा. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाड येथे प्राण्यांसाठी दहनाची सोय सुरू केली, ती या गरजेतूनच. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यात हलविण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच मोठ्या खंडपीठाने तो बदलून, निर्बीजीकरण व लसीकरण करून निरोगी कुत्री मूळ जागी सोडण्यास सांगितले. एका बाजूला चावलेल्या मुलांचे आणि रेबीजचे भय होते, दुसऱ्या बाजूला गल्लीतल्या कुत्र्याला नावाने हाक मारणारी माणसे होती. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

आश्रयाला आलेल्या जिवंत जिवाचे काय करावयाचे, हाच प्रश्न हस्तिनापूर सोडून निघालेल्या राजापुढेही होता. त्याने मृतांसाठी स्मारक मागितले नाही. सोबत असलेल्याला सोडण्याचे नाकारले. प्राण्याच्या मृत्यूनंतर शास्त्राने सुतक सांगितले नाही, तरी तो जिवंत असताना त्याला टाकू नये, हे सांगणारी कथा याच परंपरेने जपून ठेवली आहे. घरातील रिकाम्या वाटीकडे पाहून ज्यांचा घास अडतो, त्यांना याहून मोठा आधार इतिहासाजवळ नाही. पण हा आधार लहानही नाही.