छत्तीस फुटांची होडी, छत्तीस माणसे

आमची कित्येक धर्मग्रामे समुद्राच्या कुशीत वसली आहेत. खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध कसा साचतो आणि वारा उलटला की त्याच्यावर लाटा कशा फुटतात, हे तेथील माणसांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. तांडेल म्हणजे कोण, हेही त्यांना ठाऊक असते. सुकाणू त्याच्या हाती, शब्द त्याचा अखेरचा. परंतु होडी बुडाली तर तोही खलाशांबरोबर त्याच पाण्यात. अशाच एका तांडेलाची हकीकत येथे सांगावयाची आहे. तो आमच्या किनाऱ्यावरचा नव्हे, अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स राज्यातील चॅटम गावच्या तटरक्षक ठाण्यावरचा. तरी आमचे दर्यावर्दी वाचक त्याला ओळखतील, अशी आमची खात्री आहे.

केप कॉड हा भूभाग कोपरात वाकवलेल्या हातासारखा अटलांटिक महासागरात शिरला आहे. चॅटम गाव त्या कोपरापाशी. गावापुढे सतत सरकणारी वाळू, उथळ पाणी आणि बंदराच्या तोंडाशी तो कुप्रसिद्ध बांध. या किनाऱ्यावर इतकी जहाजे फुटली की एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सरकारला तेथे जीवरक्षकांची ठाणी उभारावी लागली. ठाण्यावर एक प्रमुख आणि हाताखाली सहा-सात वल्हेकरी. रात्री किनाऱ्यावरून कंदील घेऊन गस्त घालायची, दिवसा कवायत करायची, होडी नीट ठेवायची आणि फुटलेले जहाज दिसले की ती लाटांत लोटायची. ही माणसे बहुधा त्याच गावचे मच्छीमार. १९१५ साली ही जीवरक्षक सेवा आणि जकातीच्या गस्तीनौकांचे दल एकत्र करून आजचे तटरक्षक दल घडविण्यात आले. जुन्या जीवरक्षकांचा एक दंडक मात्र नव्या दलातही तोंडोतोंडी चालत राहिला: नियम जाण्यास सांगतो, परत येण्यास नव्हे.

ही नुसती बढाई नव्हती. १७ मार्च १९०२ रोजी चॅटमजवळच्या मोनोमॉय ठाण्याचे आठ जण ‘वडीना’ नावाच्या अडकलेल्या बार्जवरील पाच माणसांना आणण्यास गेले. पाचही जण होडीत आले. परतताना एक लाट आत शिरली, घाबरलेल्या माणसांनी वल्हेकऱ्यांना कवटाळले, वल्ही चालेनात आणि होडी उलटली. तेरांपैकी सेथ एलिस हा एकटा जीवरक्षक उलट्या होडीला धरून तगला. एल्मर मेयो या धाडसी माणसाने लहानशा होडीतून जाऊन त्याला वाचविले. वाचविण्यास गेलेले सात जण वाचवावयाच्या पाचांबरोबर गेले. किनाऱ्यावरच्या गावात अशी गोष्ट पन्नास वर्षांत पुसली जात नाही.

आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९५२ रोजी, बर्फाच्या वादळात त्याच किनाऱ्यासमोर एकाच दिवशी दोन तेलवाहू जहाजे मधोमध दुभंगली. ‘फोर्ट मर्सर’ आणि ‘पेंडलटन’ ही दोन्ही युद्धकाळात घाईने बांधलेली, जोडकामाच्या पत्र्यांची जहाजे. अशा जहाजांचे पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होते. ‘फोर्ट मर्सर’ची हाक बिनतारी यंत्रावरून पोहोचली आणि सारी धावपळ तिकडे वळली. पहाटे सहाच्या आतच तुटलेल्या ‘पेंडलटन’ला हाक मारण्याचीही संधी मिळाली नव्हती. कप्तान आणि सात जण पुढच्या तुकड्यावर, तेहतीस जण मागच्या तुकड्यावर, असे ते दिवसभर वाहत राहिले. दुपारी चॅटमच्या रडारवर त्या तुकड्यांचे ठिपके उमटले, तेव्हा कोठे हे दुसरेही जहाज असल्याचे कळले.

ठाण्यावरची अनुभवी माणसे आधीच ‘फोर्ट मर्सर’कडे गेली होती. ठाणेप्रमुख डॅनियल क्लफ यांनी बर्नार्ड वेबर याला माणसे निवडून निघण्यास सांगितले. वेबरचा जन्म १९२८ चा, म्हणजे पंचविशीही गाठलेली नाही. तो बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. बापाची इच्छा मुलाने व्यासपीठावर उभे राहावे अशी. मुलगा शाळा सोडून समुद्रावर गेला आणि १९४६ साली तटरक्षक दलात भरती झाला. चॅटमच्या बांधाची त्याला धास्ती होती, आणि का नसावी? १९५० च्या एप्रिलमध्ये ‘विल्यम जे. लँड्री’ ही मासेमारी नौका बुडत असताना तो ज्या पथकात होता त्या पथकाची होडी लाटांनी परतवून लावली होती. नौका सर्व माणसांसह गेली. त्या अपयशाची आठवण घेऊन तो आता माणसे शोधत होता.

तिघे पुढे आले. रिचर्ड लिव्हसी. अँड्र्यू फिट्झजेराल्ड हा यंत्र सांभाळणारा पोरसवदा तरुण. ज्याची पाळी होती तो तापाने आडवा झाला होता. (दुभंगलेल्या जहाजाच्या कप्तानाचेही आडनाव फिट्झजेराल्डच, नाते काही नाही.) आणि एर्विन मास्की. मास्की तर या ठाण्याचाही नव्हे. तो आपल्या दीपनौकेवर परत जाण्यासाठी थांबलेला पाहुणा. त्याने नुसती मान फिरविली असती तरी त्याला कोणी दोष दिला नसता. हे चौघे एका होडीत एकत्र कधी गेले नव्हते. धक्क्यावर ओळखीच्या मच्छीमाराने वेबरला जवळजवळ सुचविलेच, की फार लांब जाण्याआधी वाट चुका आणि परत या. हा सल्ला भेकडाचा नव्हता. बांध काय करू शकतो हे ठाऊक असलेल्या माणसाचा होता.

होडी छत्तीस फुटांची, लाकडी, ‘सी.जी. ३६५००’ क्रमांकाची. उलटली तर आपोआप सुलटी होणारी, आत आलेले पाणी आपोआप बाहेर टाकणारी, नव्वद अश्वशक्तीच्या पेट्रोल यंत्राची. संध्याकाळी सहाच्या सुमारास, अंधार पडता पडता, ती बांधाकडे निघाली. चौघांना गाणे सुचले ते ‘रॉक ऑफ एजेस’ हे जुने ख्रिस्ती भक्तिगीत. पहिल्याच लाटांनी पुढची काच फुटून वेबरच्या अंगावर आली, होकायंत्र उखडून गेले. होडी इतकी कलंडे की यंत्राला तेल पोहोचेना. यंत्र बंद पडे. दर वेळी फिट्झजेराल्डने अरुंद कप्प्यात सरपटत जायचे, तापलेल्या भागांना भाजून घेत ते पुन्हा चालू करायचे. वेबरच्या धैर्याच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. त्या कप्प्यातल्या मुलाचे नाव घेणारे थोडे. आमच्या मते बांध ओलांडला तो दोघांनी मिळून.

होकायंत्रावाचून ते ‘पेंडलटन’च्या मागच्या तुकड्याशी जाऊन पोहोचले, हे अद्भुतच. वर दिवे जळत होते, कारण मुख्य अभियंता रेमंड सायबर्ट यांनी यंत्रे चालू ठेवून आपली माणसे दिवसभर शाबूत ठेवली होती. दोरशिडी खाली आली आणि माणसे एकामागून एक उतरू लागली. जहाज डोलताच शिडी बाहेर झुले आणि आत आपटे. वेबर प्रत्येक माणसासाठी होडी शिडीखाली आणी, मागे घेई, पुन्हा आणी. डझनभर वाचलेल्यांसाठी बांधलेल्या होडीत वीस झाले, तीस झाले. कोणालाही वर ठेवायचे नाही, असे वेबरने ठरविले. सारे जगतील नाहीतर सारेच जातील.

एक माणूस मात्र गेला. जॉर्ज मायर्स हा भारदस्त देहाचा, सर्वांचा लाडका खलाशी शिडीवरून पाण्यात पडला. लिव्हसीने त्याला धरलेही होते. वेबरने होडी मागे घेण्याचा प्रयत्न केला, परंतु लाटेने ती पुढे ढकलली आणि मायर्स होडी व जहाज यांच्यामध्ये सापडला. बत्तीस वाचले, तेहतिसावा नाही. वेबरला पुढे आयुष्यभर आठवला तो हा तेहतिसावा.

आता होडीत छत्तीस जीव होते. बिनतारी यंत्रावर वरिष्ठ आपापसांत वाद घालत होते: माणसे मोठ्या जहाजावर चढवावीत, अमुक करावे, तमुक करावे. वेबरने यंत्र बंद केले. असे करणे शिस्तीत बसत नाही हे उघड आहे, आणि शिस्तीचे माहात्म्य आम्हीही जाणतो. परंतु समुद्रावर नसलेल्याने समुद्रावर असलेल्याला किती सांगावे, यालाही मर्यादा असते. त्याने आपला बेत सर्वांना सांगितला: वारा व लाटा पाठीशी घ्यायच्या, किनारा लागेल तेथे होडी वाळूवर घालायची आणि माणसांनी उड्या टाकायच्या. सर्वांनी होकार दिला. १९०२ साली माणसांच्या भीतीने होडी बुडविली होती. या वेळी कोणी जागचे हलले नाही. थोड्या वेळाने काळोखात लाल दिवा लुकलुकला. तो चॅटम बंदराच्या वळणावरचा बोया होता. मासळीच्या धक्क्यावर गावची माणसे उभी होती.

मे १९५२ मध्ये सुवर्ण जीवरक्षक पदक देण्याचे ठरले, ते वेबरला. बाकीच्या तिघांना रौप्य द्यावे असा विचार होता. वेबरने सांगितले, सर्वांना सुवर्ण, नाहीतर मलाही नको. चौघांना सुवर्ण मिळाले. मास्की या पाहुण्यालाही.

ज्यांना सुवर्ण मिळाले नाही त्यांचेही नाव घेतले पाहिजे. चॅटमचेच डोनाल्ड बँग्ज आणि त्यांचे तिघे त्याच दिवशी तसल्याच होडीतून आधी निघाले होते. ‘फोर्ट मर्सर’कडून त्यांना ‘पेंडलटन’च्या पुढच्या तुकड्याकडे वळविण्यात आले. तेथे एक माणूस दिसला, त्याने उडी टाकली, होडीपासून थोड्याच अंतरावर तो पाण्यात पडला, आणि त्यांचे हात पोहोचण्यापूर्वी लाटेने त्याला नेले. पुढच्या तुकड्यावरचे आठही जण गेले. दोन्ही जहाजांवर मिळून ८४ माणसे होती, त्यांपैकी ७० वाचली; बँग्ज यांच्या होडीत त्यांतला एकही नव्हता. रात्रभर समुद्रात काढून ते रिकामेच परतले. सुकाणूवर तेही वेबरइतकेच घट्ट उभे होते.

वेबरला प्रसिद्धी रुचली नाही. जागोजागी मिरविले जाणे, भाषणे, हस्तांदोलने यांना तो कंटाळला. व्हिएतनामच्या पाण्यातही सेवा करून १९६६ साली तो निवृत्त झाला. २००२ साली बचावाच्या सुवर्णमहोत्सवास चौघे पुन्हा एकत्र आले. वेबर २००९ च्या जानेवारीत वारला आणि २०१२ मध्ये त्याचे नाव दिलेली एक नवी गस्तीनौका तटरक्षक दलाच्या सेवेत आली.

ती छत्तीस फुटांची होडी १९६८ साली सेवेतून काढली, आणि मग कित्येक वर्षे ती पाऊस-बर्फात कुजत पडली होती. १९८१ मध्ये केप कॉडवरील ऑर्लीन्स गावच्या इतिहासप्रेमींनी ती मिळविली आणि डागडुजी करून पुन्हा पाण्यात उतरविली.