येवले
महाराष्ट्र राज्याच्या नासिक जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे ठिकाण आणि पैठण्यांसाठी प्रसिद्ध असलेली बाजारपेठ. लोकसंख्या ४९,८२६ (२०११). हे दौंड–मनमाड लोहमार्गावर, नासिकच्या पूर्वेस सु. ८० किमी.वर वसले आहे.

रघुजीबाबा शिंदे पाटील यांनी पैठण व गुजरातमधील विणकरांना येथे वसवून रेशमी विणकामाचा पाया घातला, असे परंपरा सांगते. पुढे माधवराव पेशव्यांनी हे गाव विंचूरकरांना जहागीर दिले. पेशवाईच्या आश्रयाने रेशीमधंद्याची मक्तेदारी आद्य वसाहतकऱ्यांच्या वंशजांकडे राहिली. ती ब्रिटिश अंमलात संपुष्टात आली आणि इतर कारागिरांनाही धंदा खुला झाला. येथे नगरपालिका १८५८ मध्ये स्थापन झाली. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचे हे जन्मस्थान. नासिकच्या काळाराम मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह (१९३० पासून) निष्फळ ठरल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथील परिषदेत धर्मांतराची घोषणा केली. त्या स्थळी ‘मुक्तिभूमी’ हे स्मारक आहे.

परगावचे ग्राहक येथे मुख्यतः पैठणीसाठी येतात. दुकानांप्रमाणेच विणकरांच्या घरीही खरेदी होते व माग चालू असलेला पाहता येतो. ताण्याचे धागे मोजून, रंगीत रेशमाच्या लहान कांड्यांनी पदरावरील मोर, पोपट, कमळ वा वेल हाताने भरतात; त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखीच दिसते व पाठीमागे सुटे धागे लोंबत नाहीत. अस्सल मालाची ही मुख्य खूण होय. काठाच्या विणीवरून ‘नारळी’, तर पदरावरील नक्षीवरून ‘बांगडी मोर’ अशी नावे रूढ आहेत. साध्या पैठणीस काही आठवडे, तर भरगच्च पदराच्या पैठणीस अनेक महिने लागतात. पीतांबरांसाठीही गावाची ख्याती आहे. संक्रांतीच्या सुमारास पतंग व मांजा यांची दुकाने गजबजतात; कृषिउत्पन्न बाजारात कांद्याची मोठी आवक होते.

यंत्रमागावरील स्वस्त नकलांमुळे हातमागाच्या पैठणीचे मोल ग्राहकास पटविणे कठीण झाले आहे. पैठणीस भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण लाभले असले, तरी मागावर बसणाऱ्याला त्याच्या महिन्यांच्या श्रमाचा मोबदला मिळणे हे अखेर ग्राहकाच्या पारखीवरच अवलंबून आहे. मक्तेदारी मोडल्यानंतरही टिकलेल्या या बाजारपेठेचे भवितव्य त्यातच गुंतले आहे.