जुहूचे चिखलाचे मैदान
संगणकावर विमान चालविण्याच्या खेळासाठी आज हौशी मंडळी आडरानातल्या धावपट्ट्या झाडाझुडपांसह हुबेहूब रचतात. हा निव्वळ पोरखेळ आहे, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या गिरगाव-दादरकरांना जवळचे जुहूच घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तेथे उतरले, तेव्हा ते साधे मातीचे मैदान होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. इतिहासात तारीख उरते, चिखल मात्र विसरला जातो. म्हणून जो कोणी ते जुने जुहू रचील, त्याने तो चिखलही रचावा. चाकाखालची जमीन कळल्यावाचून वैमानिकाच्या धाडसाचे मोल कळत नाही.