परतीचे विमान

एका शनिवारी आम्ही आमच्या उर्दू शाळेत सातवीच्या मुलांना 'द व्हाइट बलून' हा इराणी चित्रपट दाखवला. जाफर पनाही यांचा हा १९९५ सालचा चित्रपट. नवरोजसाठी सोनेरी मासा हवा म्हणून हट्ट धरणारी एक चिमुरडी आणि तिच्या हातून गटाराच्या जाळीत पडलेली नोट, एवढीच गोष्ट. फारसी कुणालाच येत नव्हती. पण 'सलाम', 'माही' असे शब्द कानी पडले की मुले एकमेकांकडे पाहून हसत. शेवटी नोट मिळते, मुलगी मासा घेऊन घरी जाते. ज्याच्या काठीने नोट निघाली, तो फुगे विकणारा अफगाण पोरगा मात्र तिथेच बसून राहतो. चित्रपट संपल्यावर एका मुलाने विचारले, "सर, वो लडका घर क्यूं नहीं गया?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. पण त्या प्रश्नामुळे आम्ही पनाहींविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि ध्यानात आले की, इराणी दिग्दर्शकांच्या बाबतीत महोत्सवातल्या बक्षिसापेक्षा महोत्सवानंतरचा प्रवासच अधिक सांगून जातो.

एप्रिल २००१ मधली हकिकत पाहा. पनाही हाँगकाँगचा महोत्सव आटोपून दक्षिण अमेरिकेतल्या महोत्सवांना निघाले होते. वाटेत न्यूयॉर्कला फक्त विमान बदलायचे होते. तिथे त्यांना अडवण्यात आले. इराणी प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याचा नियम होता. पनाहींनी नकार दिला. आपण गुन्हेगार नाही, मग ठसे कशासाठी, असे त्यांचे म्हणणे. त्यांना इतर लोकांबरोबर बाकाला साखळीने बांधून कित्येक तास बसवून ठेवले आणि शेवटी बेड्या घालून हाँगकाँगच्याच विमानात परत धाडले. हाँगकाँग ते न्यूयॉर्क सुमारे १३ हजार किलोमीटर. एवढे अंतर जायचे आणि तेवढेच मागे यायचे, तेही हातात बेड्या. शेजारचे प्रवासी चोर म्हणून पाहत असतील, या विचाराने तो माणूस किती पिळवटला असेल! हे सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापूर्वी पाच महिने घडले, हेही लक्षात ठेवायला हवे. अमेरिकेतल्याच एका चित्रपट मंडळाने पनाहींच्या 'द सर्कल'ला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा सन्मान दिला होता. पनाहींनी त्या मंडळालाच पत्र लिहून जाब विचारला.

ही हकिकत आपल्या बैठकांत मोठ्या चवीने सांगितली जाते. आम्हीही सांगितली आहे. नाव आणि पासपोर्ट पाहून माणसाला रांगेतून बाजूला काढणे म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. पण सांगणारे इथेच थांबतात आणि आमची तक्रार नेमकी तिथे आहे. कारण त्याच माणसाची पुढची गोष्ट तेहरानमधली आहे.

त्याआधी १९९७ कडे वळू. पनाहींचे उस्ताद अब्बास कियारोस्तामी यांच्या 'टेस्ट ऑफ चेरी'ला कान महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. व्यासपीठावर फ्रेंच अभिनेत्री कॅथरीन देनव्ह यांच्याशी गालाला गाल लावून अभिवादन झाले. त्यावरून मायदेशी गदारोळ उठला. इराणच्या चित्रपटाला जगाने मान दिला, पण परतलेल्या कियारोस्तामींना विमानतळाच्या मागच्या दाराने बाहेर न्यावे लागले. पुढच्या दारी कट्टरपंथी उभे होते.

घरी परतणाऱ्याची अशी परवड नवी नाही. फारसीतला पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लोर' १९३३ साली आपल्या मुंबईत, इंपीरियल कंपनीत तयार झाला. 'आलम आरा'वाले अर्देशीर इराणी, जन्माने पुण्याचे, हे त्याचे निर्माते. त्यात नायकाचे काम करणारे अब्दुलहुसैन सेपांता यांनी हिंदुस्थानात राहून आणखी फारसी चित्रपट काढले. १९३६ मध्ये ते 'लैला मजनूं' घेऊन मायदेशी गेले आणि कचेऱ्यांच्या खेपा घालून थकले. पुन्हा बोलपट काढणे त्यांना जमले नाही.

पनाहींना तर डिसेंबर २०१० मध्ये सहा वर्षांची कैद सुनावली गेली. शिवाय २० वर्षे चित्रपट काढायचा नाही, देशाबाहेर जायचे नाही. त्याच वर्षी कानच्या परीक्षक मंडळात त्यांची खुर्ची रिकामी ठेवली होती. मग माणूस घरात आणि चित्रपट प्रवासाला, असा उलटा प्रकार सुरू झाला. २०११ चा 'धिस इज नॉट अ फिल्म' केकमध्ये लपवलेल्या पेन ड्राइव्हमधून देशाबाहेर गेला, असे सांगतात. २०१५ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल घ्यायला त्यांची चिमुकली भाची मंचावर आली आणि रडली. जुलै २०२२ मध्ये एका दिग्दर्शक मित्राच्या अटकेची चौकशी करायला गेले, तर त्यांनाच एव्हीन तुरुंगात टाकले. अन्नत्याग जाहीर केल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये सुटका झाली. त्यानंतर पासपोर्टही मिळाला.

त्या पासपोर्टवर ते मे २०२५ मध्ये कानला गेले. तुरुंगातल्या सोबत्यांच्या अनुभवांवरून, सरकारी परवान्याशिवाय काढलेल्या 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट'ला २४ मे रोजी सर्वोच्च पुरस्कार मिळाला. फ्रान्समध्ये राहिले असते तर कुणी दोष दिला नसता. ते २६ मे रोजी तेहरानला उतरले. सरकत्या जिन्यावरून खाली येताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, फुले दिली. गर्दीतून कुणीतरी 'जन, जिंदगी, आजादी' ही २०२२ च्या आंदोलनाची घोषणा दिली. मागच्या दाराची गरज पडली नाही.

पण डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत पुन्हा निकाल लागला : एक वर्ष कैद, दोन वर्षे प्रवासबंदी. बातमी आली तेव्हा ते न्यूयॉर्कमध्ये पुरस्कार स्वीकारत होते. तेच न्यूयॉर्क, जिथे २००१ मध्ये त्यांना साखळीने बांधले होते. आता तिथेच राहणार का, असे लोक विचारू लागले. आपल्याकडे एकच पासपोर्ट आहे आणि आपण घरीच परत जाणार, असे त्यांनी सांगितले.

आम्ही ही बातमी वर्गात वाचून दाखवली. फुगेवाल्या पोराविषयी विचारणारा मुलगा आता वरच्या वर्गात गेला आहे. मधल्या सुट्टीत त्याला बोलावून तीच बातमी पुन्हा वाचून दाखवली.