पहिली दोन सुवर्णपदके

२३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. शाहरुख खानला तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच हा पुरस्कार मिळाला, म्हणून आपल्या मंडळींचे मोबाइल दिवसभर त्याच्या फोटोंनी भरून वाहत होते. आनंद रास्तच होता. पण त्याच यादीत आणखी दोन नावे होती. उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून नवा ‘श्यामची आई’ आणि उत्कृष्ट दिग्दर्शनासाठी ‘द केरला स्टोरी’. ही यादी वाचताना मला या पुरस्कारांची पहिली दोन वर्षे आठवली.

सरकारने चांगल्या चित्रपटांचा गौरव करावा, ही सूचना स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीची. तिचा अहवाल १९५१ चा. पहिला समारंभ ऑक्टोबर १९५४ मध्ये झाला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ त्या वर्षी प्रशस्तिपत्रकावर थांबला. मराठी माणूस हे अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच.

दुसऱ्या वर्षीचे सुवर्णपदक कोणाला मिळाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते मिळाले ‘मिर्झा गालिब’ला. म्हणजे प्रजासत्ताकाचे पहिले पदक कोकणातल्या एका गरीब आईला आणि दुसरे दिल्लीच्या कर्जबाजारी उर्दू शायराला. शाळेत मराठी आणि घरात उर्दू किंवा दखनी बोलत वाढलेल्या माझ्यासारख्याला या जोडीचे अप्रूप वाटते. दोन्ही चित्रपट मुंबईचेच, आणि त्यांच्यात एक धागाही आहे. श्यामची आई झालेल्या वनमाला या ‘मिर्झा गालिब’चे दिग्दर्शक सोहराब मोदी यांच्याच ‘सिकंदर’मध्ये १९४१ साली नायिका होत्या.

‘मिर्झा गालिब’ची माणसे पाहा. दिग्दर्शक पारशी, संवाद राजिंदरसिंग बेदी या शीख लेखकाचे, गालिब झाले भारत भूषण, संगीत गुलाम मोहम्मद यांचे, गाणारी सुरैया. कथा सआदत हसन मंटो यांची. फाळणीला जेमतेम आठ वर्षे झाली होती. उर्दूकडे संशयाने पाहण्याचे ते दिवस होते. त्या दिवसांत हे पदक दिले गेले.

पण तो काळ सुवर्णयुग होता, असेही मला म्हणायचे नाही. ज्या माहिती व नभोवाणी खात्याने हे पदक दिले, त्याचे मंत्री बा. वि. केसकर आपले मराठीच. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली होती. हिंदुस्तानी संगीताच्या ऱ्हासाचे खापर ते मुसलमान गवयांवरही फोडत. सुरैयाने गायलेल्या गालिबच्या गझला ऐकायच्या तर लोकांना रेडिओ सिलोन लावावे लागे. एका हाताने पदक, दुसऱ्या हाताने बंदी.

आणि मंटो? मुंबईत ते भायखळ्याच्या क्लेअर रोडवर राहत. फाळणीच्या सुमारास ते बॉम्बे टॉकीजमध्ये होते. तिथे मुसलमान फार झाले आहेत, स्टुडिओ पेटवून देऊ, अशी निनावी पत्रे येऊ लागली. मालकांपैकी अशोक कुमार आणि सावक वाच्छा यांनी ती मनावर घेतली नाहीत, पण मंटोंनी घेतली. आपल्यामुळे दोस्तांचे नुकसान होईल ही बोच त्यांना लागली आणि जानेवारी १९४८ मध्ये ते लाहोरला निघून गेले. १८ जानेवारी १९५५ रोजी तिथेच वारले, वय ४२. ‘मिर्झा गालिब’चा समारंभ त्याच वर्षी डिसेंबरात झाला.

साने गुरुजीही पहिल्या समारंभाला नव्हते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या गुरुजींनी जून १९५० मध्येच जीवन संपवले होते. त्यांचे ‘इस्लामी संस्कृती’ नावाचे पुस्तकही आहे. प्रेषितांचे चरित्र त्यात त्यांनी फार जिव्हाळ्याने सांगितले आहे. ‘श्यामची आई’ ज्या घरात आहे, तिथे हे पुस्तक क्वचितच सापडते. आपल्या घरांतही.

आता पुन्हा २०२५ च्या यादीकडे. ‘द केरला स्टोरी’च्या जाहिरातीत बत्तीस हजार मुलींचा आकडा होता. त्याला अधिकृत आधार नाही, अशी पाटी चित्रपटात घालायला निर्माते मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तयार झाले. त्याच चित्रपटाच्या दिग्दर्शकाला देशातला सर्वोत्तम ठरवण्यात आले. शाहरुखचे फोटो पाठवणाऱ्यांपैकी एकानेही त्याबद्दल मला ओळ लिहिली नाही. मीही त्या दिवशी कोणाला लिहिली नाही.

त्या रात्री मी ‘मिर्झा गालिब’ पुन्हा लावला. इंटरनेटवर तो सापडतो. सुरैयाची पहिली गझल सुरू झाली आणि शेजारच्या खोलीतून अम्मीने विचारले, “कौन गा रही है?”